आतोबा आणि तापलेली नळी

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात मोकळ्या जागेविषयी सर्वांत कडक मते असलेला माणूस अंबरनाथला दीड खोलीत राहत होता. हे आमचे आतोबा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की ते अस्वस्थ होत, आणि दीड खोलीच्या संसारात सगळ्याच वस्तू एकमेकींना चिकटलेल्या असतात. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे, पलंग कपाटापासून चार बोटे पुढे, टेबल पलंगापासून चार बोटे पुढे, असे करता करता माणसांसाठी जी वाट उरली होती तिच्यातून अंग चोरूनच जावे लागे. आत्याला तिच्या बारीक असण्याचे कारण विचारले की ती कपाटाकडे बोट दाखवत असे. डब्याचे झाकण आतोबांनी कधी घट्ट लावले नाही. साखरेत मुंग्या, पोह्यांत किडे आणि पापडांत पावसाळी हवा ही त्या घरातली ठरलेली वाटणी होती. चपला ते मापापेक्षा एक नंबर मोठ्या घेत, त्यामुळे ते जिना चढू लागले की वरच्या मजल्यावर ताटे घेतली जात.

हे सगळे घरापुरते राहिले असते तर कोणाची तक्रार नव्हती. पण माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात मांडवाचे दोर फार ताणलेले आहेत असे त्यांच्या लक्षात आले. ऊन चढल्यावर बांबू कुठे जातील, असा प्रश्न त्यांनी मांडववाल्याला विचारला. मांडववाला पुढचा दोर ताणू लागला. तेव्हा आतोबांनी स्वतःच फिरून दोर सैल केले आणि दुपारी जेवणाच्या दुसऱ्या पंगतीला मांडवाची एक बाजू वरपक्षावर सावकाश उतरली. कोणाला लागले नाही. बासुंदी मात्र गेली. त्याच संध्याकाळी नवरा-नवरी पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला, तो असा, "एकमेकांत थोडी जागा ठेवा. तापल्यावर लागते." नवऱ्या मुलाच्या आजीने हे वाक्य पुढे अनेक वर्षे प्रत्येक भेटीत आम्हाला ऐकवले.

दुसरा नाद तड्यांचा. फुटलेली कोणतीही वस्तू हातात घेऊन ती कोणत्या बाजूने फुटायला लागली हे ते सांगत. कप, बरणी, कुकरचे हँडल, सायकलचा दांडा, काहीही. शेजारणीच्या घरी काचेचा जग फुटला आणि तो मांजराने पाडला असे सुनेने सांगितले. आतोबा सहज डोकावले होते. त्यांनी तुकडे पाहिले आणि जग पडलेला नसून थंड असताना त्यात उकळते पाणी ओतले आहे, असे जाहीर केले. मांजर सुटले. सून महिनाभर आत्याशी बोलली नाही. त्यानंतर चाळीत काही फुटले की लोक पहिल्यांदा दार लावून घेत आणि मग केर काढत.

आत्याच्या सांगण्यानुसार लग्न झाले तेव्हा ते असे नव्हते. तेव्हा ते झाकणे लावत.

ते अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. कोणती नळी कुठून कुठे जाईल, कुठे वळेल, कशावर टेकेल, याची ड्रॉइंग काढणे हे त्यांचे काम. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गरम तेलाच्या लाइनीला तडा गेला. तेल पाण्याच्या उकळीपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते. खाली काळूराम नावाचा फिटर उभा होता. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, भातशेती सांभाळून नोकरी करणारा. तेल त्याच्या अंगावर आले. तो काही दिवस इस्पितळात जगला आणि गेला.

चौकशी झाली. लाइनीखालचा एक टेकू आतोबांच्या ड्रॉइंगप्रमाणे सरकता असायला हवा होता. लोखंड तापले की लांबते, म्हणून नळीला टेकूवर पुढेमागे सरकायला मोकळीक ठेवतात. तो टेकू नळीला वेल्डिंगने पक्का केलेला सापडला. वेल्डिंग काळूरामने केले होते, याला साक्षीदार होते. तेव्हा निष्कर्ष सोपा निघाला. नळीला लांबायला जागा उरली नाही, म्हणून ती फुटली. चूक मयताची. ड्रॉइंग निर्दोष. वरिष्ठांनी आतोबांची पाठ थोपटली. त्या पाड्यावरच्या माणसांना पुढे त्या भागातल्या ठेकेदारांनी फिटरच्या कामाला घेणे बंद केले. तिकडची माणसे हाताला येईल ते वेल्ड करतात, असे बोलले जाऊ लागले.

काळूराम आणि आतोबा दुपारचा चहा बरोबर घेत. चौकशी संपेपर्यंत इस्पितळात जायचे नाही असे अधिकाऱ्यांनी बजावले होते आणि आतोबा गेले नाहीत. चौकशी संपली तेव्हा भेटायला कोणी उरले नव्हते. घरातले कपाट त्याच सुमारास भिंतीपासून पुढे आले, असे आत्या सांगते.

पुढे कारखान्यात संप, मग टाळेबंदी, आणि मग गेटवर गवत. आतोबा घरी बसले. ते अशा वयात होते की नवी नोकरी मिळत नाही आणि जुनी सुटलेली खरी वाटत नाही. रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून वालधुनी नदीच्या पुलापर्यंत जात आणि परत येत. नदीचे पाणी त्या दिवशी ज्या रंगाचे असेल त्यावरून कोणता कारखाना चालू आहे ते आत्याला सांगत. वाटेत एखादी रिक्षा सुरू स्थितीत उभी दिसली की मागे वाकून तिचा धूर पाहत. एका रिक्षावाल्याने त्यांना आरटीओचे समजून चहा पाजल्याची नोंद आहे.

नव्वदच्या आसपास उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला लछू त्यांच्याकडे आला. लछूचे गॅरेज होते. तो सिंधी, पण मराठी, हिंदी आणि सिंधी एकाच वाक्यात वापरून सगळ्यांना समजेल असे बोलायचा. एका कापड-व्यापाऱ्याच्या मुलाने दुबईहून एक जपानी स्पोर्ट्स गाडी आणली होती. तिचा धुराचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून निघणारा जळका धूर गोळा करून पुढे नेणारा ओतीव लोखंडी भाग, तडकला होता. सुटा भाग हिंदुस्थानात मिळत नव्हता. उल्हासनगरात परदेशी वस्तूची हुबेहूब नक्कल करणारी शंभर माणसे होती. त्यांपैकी दोघांनी नक्कल करून दिली. दोन्ही फुटल्या.

"मूळ जो फुटला त्याचीच कॉपी केली, तर कॉपी फुटणार नाय तर काय करणार?" लछू म्हणाला. "मला कॉपी नको, मास्तर. मला ड्रॉइंग पाहिजे."

गाडीचे इंजिन रोटरी जातीचे होते. त्यात पिस्टन वरखाली होत नाही. लंबवर्तुळासारख्या पोकळ घरात एक तिकोनी ठोकळा गोल फिरतो आणि त्याच्या फिरण्यातच हवा येते, पेटते, बाहेर पडते. अशी दोन घरे शेजारी शेजारी होती. साध्या इंजिनात धूर अडवून सोडणारी झडप असते. इथे ती नाही. ठोकळ्याचे टोक भोकावरून सरकले की पेटता धूर सरळ नळीत आदळतो. वर या गाडीला टर्बो होता. त्या धुराच्याच जोरावर फिरणारी एक फिरकी इंजिनात जास्त हवा कोंबते आणि इंजिन आणखी तापते. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिन आणि टर्बो यांच्यामधल्या दोन आखूड नळ्या. गाडी जोरात चालली की त्या लाल होतात. थांबली की काळ्या.

हे ऐकताना आतोबांनी चहाची बशी खाली ठेवली. कारखान्यातली लाइन वर्षानुवर्षे जे सोसते ते ही नळी एका फेरीत सोसते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी पुलावर मी बरोबर होतो. तेव्हा त्यांनी खरे कारण सांगितले.

"कारखान्यात जसं ड्रॉइंग होतं तशीच ही करतो. सरकायला मोकळी. कोणी वेल्डिंग करणार नाही यावर मी स्वतः लक्ष ठेवीन. टिकली, तर काळूरामचं चुकलं. फुटली, तर माझं."

तुम्हाला काय व्हायला हवे आहे, असे मी विचारले. नदीचे पाणी त्या दिवशी निळे होते. त्यांनी कठड्यावरून वाकून ते पाहिले.

"टिकायला हवी," ते म्हणाले, आणि परत जाताना माझ्या एक पाऊल पुढे चालले.

पुढचे काही महिने आत्याच्या स्वयंपाकघराची फरशी त्यांनी व्यापली. मॅनिफोल्डचे ड्रॉइंग पूर्ण मापात खडूने फरशीवर काढले होते आणि ते पुसायचे नव्हते. आत्या पोळ्या त्यावर उभी राहून करी. दिवाळीत तिने निरुपायाने त्याच्या चारी बाजूंनी ठिपक्यांची रांगोळी काढली. फराळाला आलेल्या पाहुण्यांनी ही कोणत्या देवीची पावले, असे विचारले. नळ्यांना वळण कसे द्यावे हे कागदावर ठरेना, तेव्हा त्यांनी चकलीचे पीठ मागून घेतले आणि दोन नळ्यांचा नमुना वळला. तो आत्याने चुकून तळला. आतोबांनी तळलेला नमुना उलटसुलट करून पाहिला आणि तळल्यावर तो कुठे आखडला याची मापे घेतली. खाऊ मात्र कोणाला दिला नाही.

दोन घरांचा धूर टर्बोपर्यंत वेगवेगळा न्यायचा, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याच्या वाटेत येणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवले. जाड स्टेनलेसची नळी उल्हासनगरच्या भंगार बाजारात मिळाली. ती कोणत्या तरी बंद पडलेल्या केमिकल कारखान्यातूनच आलेली होती. त्यांनी ती आधी नाकाला लावून पाहिली. कोणत्या कारखान्याची ते मला सांगितले नाही. आत कोरडी वाळू भरून, तापवून, ती वाकवली. टोकाच्या जाड पट्ट्या, ज्यांनी नळी इंजिनाला बोल्टने बसते, त्या आनंदनगरच्या एका लेथवर कापल्या. आणि प्रत्येक नळीच्या मधोमध सरकता सांधा ठेवला. एक नळी दुसरीत केसभर सैल घुसते. थंड असताना तिथून धूर गळतो, नळी खुळखुळते. तापली की फुगून बसते आणि आवाज बंद.

गाडीच्या मालकाला, म्हणजे त्या शेठच्या मुलाला, हा सांधा आवडला नाही.

"अंकल, गाडी खाँसती है," तो म्हणाला.

"तापेपर्यंत खोकेल. मग गप्प बसेल."

"लोग हँसते हैं, अंकल."

लछू सांध्यावर वेल्डिंगचा एक टाका मारून द्यायला तयार होता. दोन मिनिटांचे काम होते आणि गिऱ्हाईक खूष झाले असते. आतोबांनी त्याला त्याच्या देवाची, झुलेलालची, शपथ घ्यायला लावली. शपथेवरही त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. ते रोज अंबरनाथहून पाच नंबरला जात, बॉनेट उघडायला लावत आणि फडक्याने सांधा हलवून पाहत. गॅरेजमधली पोरे त्यांना डॉक्टर म्हणू लागली. नाडी पाहून झाली का डॉक्टर, असे विचारत. आतोबा गंभीरपणे हो म्हणत.

चाचणीच्या फेऱ्यांना तेही बसत. गाडी इतकी बुटकी होती की त्यांना आत बसवायला आणि बाहेर काढायला दोघे लागत. मोठ्या चपला, गुडघ्यांमध्ये उभी धरलेली छत्री, आणि शेजारी काळा चष्मा लावलेला शेठचा मुलगा, अशी ती जोडी बदलापूरच्या रस्त्याने बारवीच्या दिशेने जाताना अनेकांनी पाहिली आहे. धरणाच्या अलीकडच्या चढावर गाडी थांबवून आतोबा बॉनेट उघडायला लावत आणि लाल झालेल्या नळ्यांकडे त्या काळ्या पडेपर्यंत बघत उभे राहत. त्या चढावरून आत एक कच्ची वाट जात होती. ती काळूरामच्या पाड्याची. शेठच्या मुलाला हे माहीत नव्हते.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. नळी टिकली. आतोबांचे वजन थोडे वाढले. एकदा त्यांनी लोणच्याच्या बरणीचे झाकण घट्ट लावले आणि ते आत्याला उघडेना. तिने ते शेजाऱ्यांकडून उघडवून आणले आणि तसेच घट्ट परत लावून ठेवले.

उन्हाळ्यात एका सकाळी गाडी टेम्पोला बांधून गॅरेजमध्ये आली. आतोबा पुढच्या सीटवर तसेच बसलेले होते. मी तिथेच त्यांची वाट पाहत होतो. बॉनेट उघडताच लछू हात वर करून शपथा घेऊ लागला. "मास्तर, तुम्ही बोललात हात लावायचा नाय, मी नाय लावला. माझ्या पोरांची कसम. बघा, सांधा बघा."

आतोबांनी सांधा पाहिला. तो मोकळा होता, फडक्याने धरल्यावर सहज सरकला. तडा सांध्यावर नव्हताच. तो इंजिनाला लागून, पट्टीच्या मुळाशी होता. नळीच्या वरच्या अंगाला, ओठ उघडावेत तसा. ते वाकून त्याच्याकडे पाहत राहिले.

"वरून फाटलंय," ते म्हणाले.

लछूला त्यात विशेष काही वाटले नाही. मला अर्थ त्यांनी नंतर, गॅरेजच्या ओट्यावर बसून, समजावला. नळ्या आडव्या होत्या. लांबायला जागा न मिळाल्याने फुटल्या असत्या तर बाजूने फुटल्या असत्या. वरून फाटते ते वजनाने. टर्बो हा लोखंडाचा जड गोळा, आणि तो नळ्यांच्या टोकाला नुसता लोंबकळत होता. थंड नळी तेवढे वजन पेलते. लाल झालेली नळी मऊ असते. प्रत्येक फेरीत ती केसभर खाली वाकली आणि मुळाशी वरचा भाग ताणला गेला. टर्बोला स्वतंत्र आधार द्यायला हवा होता. त्यांनी दिला नव्हता. इतकी वर्षे त्यांनी फक्त जागेचा विचार केला होता. वजनाचा केलाच नव्हता.

"कारखान्यातला तडापण वरूनच होता," ते म्हणाले. "मी स्वतः बघितला होता. तडा गेला त्या वळणावर मोठा व्हॉल्व्ह होता. माझ्या ड्रॉइंगमध्ये त्याला आधार नाही."

मग त्यांनी उरलेले सांगितले. काळूरामसारखा जुना फिटर टेकू उगाच वेल्ड का करील, हे चौकशीत कोणी विचारले नव्हते. नळी व्हॉल्व्हच्या वजनाने खचत होती, टेकूवरून तिरकी उतरत होती. त्याने ती धरून ठेवायला टाका मारला. त्याचा उपायही चुकीचाच होता, त्याने नळी वाचणार नव्हती. पण ती त्याने फोडली नव्हती. ती आधीच वरून फाटू लागली होती.

आतोबांनी त्या दिवशी दुसरे काही केले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टर्बो टांगायच्या आधाराचे ड्रॉइंग काढून दिले, नळी नवी करवून घेतली आणि सगळे बसेपर्यंत गॅरेजमध्ये थांबले. त्या मॅनिफोल्डला पुढे काही झाले नाही. शेठच्या मुलाने गाडी नंतर पुण्याला विकली.

मी त्यांना सांगून पाहिले की कारखाना बंद आहे, चौकशी करणारे निवृत्त झाले, आता कोणीही हे विचारायला येणार नाही. आतोबा पाड्यावर जायचे म्हणून इस्त्रीचा शर्ट घालत राहिले. आत्या भांडी घासत होती. ती वळून म्हणाली, "जायचं तर जा. पण तिथं जाऊन त्यांना लोखंडाच्या गोष्टी सांगत बसू नका."

बदलापूरहून एसटीने चढापर्यंत आणि मग त्या कच्च्या वाटेने आम्ही पाड्यावर गेलो. पावसाआधी पालापाचोळा जाळून भाजावळ केलेली शेते काळी पडली होती. काळूरामची बायको अंगणात सरपणाच्या मोळ्या बांधत होती. मुलगा वीटभट्टीवर गेलेला. तिने आतोबांना ओळखले नाही. कंपनीतला म्हटल्यावर तिने खाट टाकली आणि पाणी दिले, पण मोळी बांधणे थांबवले नाही. आतोबांनी सुरुवात केली की लोखंड तापल्यावर त्याचे असे होते की. तिथे ते अडले. आत्याची आठवण झाली असावी.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "नळीचं काम मी कागदावर चुकीचं काढून दिलं होतं. काळूरामनं काही केलं नव्हतं."

तिने दोर दाताने आवळला, गाठ मारली आणि मोळी बाजूला ठेवली.

"इस्पितळात शेवटपर्यंत म्हनत व्हता, माझ्याच हातानं झालं," ती म्हणाली. "तवा आला असतात, तर त्याला सांगता आलं असतं."

आतोबांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. कोंबड्या खाटेखालून फिरत होत्या. मग ती उठली आणि घराच्या मागच्या पडवीकडे पाहून म्हणाली, "आता म्हातारीला सांगा. त्याच्या आईला. तिला ऐकू येत नाय. वरडून सांगा."

पडवीत एक फार वाळलेली म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. आतोबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि घरात बोलतात त्या आवाजात बोलले. तिने सुनेकडे पाहिले.

"कोन हाय गं हा?"

"कंपनीतला सायब," सून तिच्या कानाशी ओरडली.

"काळूचं सांगाया आला? मला म्हाईत हाय. काळूची चूक झाली. समदे तेच सांगून गेले."

आतोबांनी आवाज चढवला. चूक काळूची नव्हती, ते म्हणाले. तिला कळले नाही. ते आणखी मोठ्याने बोलले. शेजारच्या दोन घरांतून बायका बाहेर आल्या, मग पोरे, मग एक म्हातारा काठी टेकत. शेवटी आतोबा उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले.

"माझी चूक. काळूची नाही. माझी."

म्हातारीने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग जमलेल्या लोकांकडे पाहिले, त्यांनी ऐकले की नाही हे बघण्यासाठी.

"परत सांग," ती म्हणाली.

त्यांनी परत सांगितले.

घरी येईपर्यंत त्यांचा घसा पूर्ण बसला होता. आत्याने ज्येष्ठमधाची कांडी त्यांच्या हातात दिली आणि पोळ्या करायला लागली.

प्रकरण तिथे संपायला हरकत नव्हती. पण म्हातारी विसरायची. काही महिने गेले की ती पुन्हा काळूने काय केले ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून रडू लागे. सुनेने सांगितले तर तिला पटत नसे, तू बायको आहेस, तू असेच म्हणणार, असे म्हणे. मग बदलापूरच्या बाजारात काकड्या घेऊन बसणाऱ्या पाड्यावरच्या बाईकडून निरोप येई. आतोबा इस्त्रीचा शर्ट घालून एसटी धरत, पडवीत उभे राहून ओरडत आणि संध्याकाळी मुके होऊन परतत. वय वाढत गेले तसा त्यांचा दम कमी पडू लागला. म्हातारीचे कानही आणखी गेले. एकदा त्यांना खोकल्याची उबळ आली तेव्हा तिनेच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि खोकला थांबल्यावर पुढचे सांगायला लावले. पाड्यावरची लहान पोरे तोपर्यंत ते वाक्य खेळात म्हणू लागली होती. आतोबांना त्याचे काही वाटत नसे. जितक्यांना पाठ होईल तितके बरे, असे ते म्हणत.

नव्वदचे दशक संपत आले तेव्हा म्हातारी गेली. निरोप त्याच बाईने आणला. तेराव्याला आम्ही गेलो. अंगणात माणसे बसली होती, पडवी सारवून रिकामी ठेवली होती. आतोबा एका कडेला जाऊन बसले. त्या दिवशी त्यांना काही बोलायचे नव्हते आणि हातांचे काय करावे हे त्यांना समजत नव्हते. वांगणीकडून आलेल्या कोणा पाहुण्याने त्यांच्याकडे बघून काळूरामच्या बायकोला विचारले, हे कोण.

ती कपात चहा ओतत होती. तिने मान वर केली नाही.

"म्हातारीशी बोलाया यायचे ते," ती म्हणाली, आणि भरलेला पहिला कप त्यांच्याकडे पाठवला.